एका रात्रीचा भागधारक

व्याकरण शिकवून शिकवून माणसाला एक वाईट खोड लागते. शब्द दिसला की तो त्याचा विग्रह करू लागतो. ‘लाभांश’ हा शब्द मी कितीतरी वर्षे षष्ठी तत्पुरुषाचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहीत आलो आहे. लाभाचा अंश, तो लाभांश. पण 2024 च्या मे महिन्यात त्यातला ‘अंश’ माझ्या नजरेतून निसटला आणि ‘लाभ’ तेवढा डोळ्यांपुढे नाचत राहिला.

त्याचे असे झाले. उत्तरपत्रिका तपासायला आम्ही सारे जमलो होतो. दुपारच्या चहाला वाणिज्य विभागातले एक स्नेही माझ्याशेजारी येऊन बसले. स्टेट बँकेने 9 मे रोजी शेअरमागे 13 रुपये 70 पैसे लाभांश जाहीर केला होता आणि रेकॉर्ड डेट होती 22 मे. “सर, त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर असतील त्याला पैसे,” ते म्हणाले. “21 ला घ्यायचे, 22 ला विकायचे. एका रात्रीचा मुक्काम, आणि भाडे उलट आपल्यालाच!”

मला हे फारच आवडले. वर्षभर बँकेचा कारभार कुणी का हाकेना, पंगतीच्या वेळी आपले पान मांडलेले असले म्हणजे झाले!

पैसे होते, पण ते माझे नव्हते. मुलीच्या पुण्याच्या वसतिगृहाचे आणि फीचे पैसे 5 जूनपर्यंत भरायचे होते, त्यासाठी सौभाग्यवतींनी स्वतःच्या नावावरची मुदत ठेव मोडून रक्कम माझ्या खात्यावर टाकली होती. दोन आठवडे ती नुसतीच पडून राहणार! मी कुणाला काही बोललो नाही. बोलण्यासारखे होतेच काय, एका रात्रीचा तर प्रश्न. सोमवारी, 20 मे रोजी मुंबईत मतदान होते, त्यामुळे शेअर बाजारही बंद होता. मंगळवारी मी 830 रुपये भावाने शंभर शेअर घेतले. त्र्याऐंशी हजार गेले, तेराशे सत्तर येणार होते. त्या रात्री गॅलरीत उभा राहून मी समोरच्या इमारतीकडे जरा निराळ्याच नजरेने पाहिले. आता मी देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेचा, कणभर का होईना, मालक होतो.

सकाळी बाजार उघडला आणि भाव दहाबारा रुपयांनी खाली आला.

मी स्नेह्यांना फोन केला. ते हसून म्हणाले, “येणारच हो. लाभांश बाहेर पडला ना!” ही गोष्ट त्यांनी आदल्या दिवशी का सांगितली नाही, हे मी विचारले नाही. आपणच विचारायला हवी होती, असे नंतर कळते. त्यात गूढ असे काही नव्हतेच. बँकेच्या तिजोरीतून शेअरमागे 13 रुपये 70 पैसे वाटले जाणार. 22 तारखेला शेअर घेणाऱ्याला त्यातला पैही मिळणार नाही. मग तो कालचा भाव का देईल? पुरण काढून घेतल्यावर पोळी उरते खरी, पण तिला पुरणपोळीचे पैसे कोण मोजणार? लाभांश म्हणून जे एका खिशात येणार होते, ते दुसऱ्या खिशातून आधीच निघून गेले होते. तेराशे सत्तरांसाठी मी त्र्याऐंशी हजार बाजाराच्या लहरीवर टांगून ठेवले होते, एवढाच काय तो माझा पराक्रम.

“थांबा दोन दिवस, भाव भरून येतो,” स्नेही म्हणाले. थांबलो. भाव 830 च्या खालीवर रेंगाळत राहिला. एकदा तर माझ्या खरेदीला येऊन टेकला. तेव्हा विकून मोकळे व्हायला हवे होते, पण आता मला वाटू लागले की आपल्याला यातले कळते.

1 जूनला संध्याकाळी निवडणुकीचे अंदाज आले आणि सोमवारी, 3 जूनला बँकेच्या शेअरने नऊशे ओलांडले. शंभर शेअरवर सात हजारांचा नफा! मी जेवताना मुलीला उगाचच नवा लॅपटॉप कोणता घ्यावा ते विचारले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे चमकून पाहिले. उद्या निकाल लागला की हजाराला विकू, असा माझा बेत होता.

4 जूनला निकाल अंदाजांसारखा लागला नाही. बाजार कोसळला, त्यात सरकारी बँका सर्वांत जास्त आपटल्या. फी भरण्याची मुदत दुसऱ्या दिवसाची, आणि विकल्याचे पैसे हाती यायला मध्ये एक दिवस लागतो. थांबायची सोयच नव्हती. दुपारी 780 ला सगळे शेअर काढून टाकले. पाच हजारांचे भगदाड पगारातून बुजवले आणि 5 तारखेला फी भरली. घरात कुणाला पत्ता लागला नाही.

यात बँकेचा काडीचाही दोष नाही. तिने जाहीर केल्याप्रमाणे त्याच 5 जूनला लाभांश जमा केला. त्यावर माझा प्राप्तिकर सव्वाचारशेच्या वर. 2020 च्या एप्रिलपासून लाभांश घेणाऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. माझा पाच हजारांचा तोटा मात्र त्यातून वजा होत नाही. तो पुढची आठ वर्षे, शेअरवरच्या एखाद्या नफ्याची वाट पाहत, विवरणपत्रात बाळगायचा!

राहता राहिले आमचे नाना. स्टेट बँकेने 1993 साली लोकांना शेअर विकले, तेव्हा नानांनी शंभर रुपयांना एक याप्रमाणे पन्नास घेतले. 2014 मध्ये एकाचे दहा झाले, ते पाचशे त्यांनी तसेच ठेवले आहेत. पूर्वी लाभांशाचे वॉरंट पोस्टाने यायचे. नाना ते दोनदा वाचून, स्लिप भरून, छत्री घेऊन बँकेत जायचे. भाव काय आहे, हे त्यांनी कधी विचारलेले मला आठवत नाही.

5 तारखेला संध्याकाळी नाना म्हणाले, “अरे, लाभांश जमा झाला असेल. पासबुक भरून आण.” मी त्यांच्याबरोबर माझेही पासबुक नेले आणि वेंधळेपणाने दोन्ही त्यांच्या हातात दिली. नानांनी चष्मा पुसला. स्वतःच्या पासबुकातली 6,850 रुपयांची नोंद बोट ठेवून वाचली. मग माझे उघडले.

“अरे वा, तुझेही आलेत की! 1,370 म्हणजे शंभर शेअर.” त्यांचा चेहरा खुलला. “कधी घेतलेस रे? बोलला नाहीस. आता विकू नकोस हो. असू देत.”

सौभाग्यवती चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी कप तिपाईवर ठेवला आणि नानांच्या हातातले माझे पासबुक घेऊन मागची पाने चाळायला सुरुवात केली.