पदवी, पद आणि धवळे

पनवेल-उरण परिसरातून एम.ए.ला मराठी घेणाऱ्या विद्यार्थ्याला महदंबेचे ‘धवळे’ तेराव्या शतकातील एक संहिता म्हणून भेटतात. याच परिसरातील आगरी घरांत लग्नाचे विधी गाण्यांतून चालविणारी धवलारीण मात्र त्याला नात्यातली एखादी आजी किंवा आत्या म्हणून ठाऊक असते. दोहोंमागे शब्द एकच; तरीही पहिलीची सोय ‘मध्ययुगीन वाङ्मया’त आणि दुसरीची ‘लोकसाहित्या’त लावली जाते. ही वाटणी ज्यांनी आयुष्यभर अमान्य केली, त्या रा. चिं. ढेरे यांच्या विद्याजीवनाकडे म्हणूनच पुन्हा पाहावे लागते.

ढेरे यांचा जन्म १९३० सालचा, आंदर मावळातील निगडे गावचा. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. पुण्यात रात्रशाळेत शिक्षण झाले. ‘खंडोबा’ (१९६१) आणि ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ (१९६४) प्रसिद्ध झाली तेव्हा डॉक्टरेट दूर होती. ती १९७५ साली ‘षट्स्थल’वरील प्रबंधाला मिळाली, ‘लज्जागौरी’ला १९८० साली डी.लिट. मिळाली. व्यासंग आधी आणि पदवी मागाहून, असा हा क्रम आहे. दुर्गाबाई भागवतांची डॉक्टरेट तर दीर्घ आजारपणामुळे अपुरीच राहिली. तरीही ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) या विषयाच्या अभ्यासकांना टाळता आलेली नाही.

यावरून विद्यापीठाबाहेर राहणेच श्रेयस्कर, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. कायमच्या अध्यापकपदाचा आधार नसणे म्हणजे निर्वाहाची विवंचना लेखणीवर लादणे होय. मुद्दा पद्धतीचा आहे. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात स्थलपुराणे, शिलालेख आणि संतवाणी यांच्या बरोबरीने गवळी-धनगरांची उपासना साक्षीला येते. पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरोबा तेथे तळटीपेत राहत नाही. पंढरीच्या देवाच्या पूर्वरूपाचा शोध त्याच्यावाचून पुढे सरकत नाही. या ग्रंथाला १९८७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०११ साली अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. लोकपरंपरा हा केवळ संकलनाचा माल नसून इतिहासाचे प्रमाण आहे, हे या ग्रंथाने दाखवून दिले.

पनवेलच्या विद्यार्थ्यापुढील प्रश्न येथून सुरू होतो. ढेरे यांना एकाच दैवताकडे पुनःपुन्हा परतता आले. त्याच्या हाती तेवढा अवधी नाही. १९७० साली सिडको स्थापन झाल्यापासून या भागातील भातशेती आणि मिठागरे शहराखाली जात राहिली. विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावे उठली. नव्या वसाहतीतही लग्ने लागतात. पण धवलारिणीचे गाणे विधीला आणि स्थळाला बांधलेले असते; अंगण, वेस, गावदेवी यांचे संदर्भ सुटले की गाणे उरले तरी त्याचा अर्थ सांगणारे कोणी उरेलच, असे नाही.

प्रबंधाच्या परिशिष्टात ही स्त्री ‘निवेदक क्रमांक अमुक’ होऊन बसण्याचा धोका तेथेच आहे. नात्यातल्या अभ्यासकाला तो टाळता येण्याजोगा आहे. कोणते गाणे कोणत्या विधीला, ते कोणाकडून आले, गाव उठल्यावर कोणते गाणे सुटले आणि का, एवढे त्याने तिला विचारावे, आणि महदंबेची संहिता त्या उत्तरांशेजारी ठेवून वाचावी. नोंदणीचा अर्ज मागाहून भरला तरी चालेल.