राजकोटाची पाटी

मालवणास दांडीच्या किनाऱ्यावर 'मोरयाचा धोंडा' या नांवाचा एक खडक आहे. १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ करतांना येथें पूजन केलें, ही गोष्ट आमच्या गांवांतील लहान मुलासही ठाऊक असते. धोंड्यावर गणपति, शिवलिंग, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. चंद्रसूर्यांचा आशय वाचकांस फोडून सांगावयास नको. जुन्या दानपत्रांत 'आचंद्रार्क' असा जो शब्द येतो, तोच येथें चित्ररूपानें आला आहे. या धोंड्याची हकीकत सांगणारीं माणसें अद्याप घरोघर आहेत, म्हणून त्यास पाटीवांचून चालतें. राजकोटाचें मात्र तसें नाहीं.

सिंधुदुर्ग समुद्रांत एकटा उभा नव्हता. किनाऱ्यालगत ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येईल असा पद्मगड, उत्तरेस कोळंबच्या खाडीच्या मुखाशीं सर्जेकोट, आणि गांवाच्याच खडकाळ टोंकावर राजकोट, असे तीन लहान सोबती त्याला दिलेले होते. सुमारें दोन मैलांचा तट आणि अठ्ठेचाळीस एकरांचें आवार भर पाण्यांत उभारावयाचें आणि समोरचा किनारा शत्रूच्या तोफांसाठीं मोकळा ठेवावयाचा, हें शहाणपणाचें झालें नसतें. थोरल्या किल्ल्याचें वैभव सर्व पाहतात. या धाकट्यांनीं पाठ राखली, याची आठवण कोणास नसते. (एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें नवें वाटणार नाहीं!) पुढें सिंधुदुर्गाचें नांव १९८१ त सबंध जिल्ह्यास मिळालें, २०२५ त इतर अकरा किल्ल्यांसमवेत तें जागतिक वारशाच्या यादींतही गेलें. राजकोट मात्र ढासळत राहिला. माझ्या लहानपणीं तेथें एक पडका बुरूज आणि विस्कटलेले दगड, एवढेंच दिसे.

नंतर त्याचें दैव एकाएकीं उघडलें. डिसेंबर २०२३ मध्यें नौदल दिनानिमित्त तेथें महाराजांचा पुतळा उभा राहिला, भोंवतीं चिऱ्यांची नवी तटबंदी झाली. २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो पुतळा कोसळला, आणि मे २०२५ मध्यें त्याहून मोठा पुतळा उभा करण्यांत आला. त्या प्रकरणावर पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. त्यांत मी भर घालीत नाहीं. मला सलतें तें निराळेंच. मागें एकदां सायंकाळीं फिरावयास गेलों असतां एक सुशिक्षित गृहस्थ आपल्या मुलांस ती नवी भिंत दाखवून म्हणत होते, "हात लावा, ही महाराजांनीं बांधलेली आहे." मुलांनीं भक्तिभावानें हात लावला. त्या भक्तीचा अनादर करण्याचें माझ्या मनांत नाहीं. परंतु भिंतीच्या चिऱ्यांचा रंगही अजून उतरलेला नव्हता!

आमच्या वाडींतील कांहीं तरुणांनीं मनावर घेतलें आहे कीं, रीतसर परवानगी मिळवून या ठिकाणीं एक दगडी पाटी बसवावी. त्यांत माझा पुतण्या अग्रेसर. मजकूर पांच ओळींचा, आणि तो लिहिण्याचें काम अर्थातच निवृत्त मास्तरांकडे आलें.

पांच ओळी थोड्या नव्हेत. रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशीं जो संस्कृत शिलालेख आहे, त्यांत विहिरी, तळीं, हत्तीशाळा, राजवाडे हें सर्व तर आलेंच, शिवाय बांधणाऱ्या हिराजीचें नांव आहे, आणि सहा, नऊ, बाण व भूमि या शब्दांनीं उलट्या क्रमानें शके १५९६ हें वर्षही सांगितलें आहे. चंद्रसूर्य तेथेंही आहेतच. काय बांधलें, कोणीं बांधलें, केव्हां बांधलें, हें सांगून लेख मोकळा होतो. विशेषणें आहेत, पण त्यांनीं माहितीची जागा घेतलेली नाहीं.

मीं पहिला मसुदा केला, त्यांत १७६५ सालीं इंग्रजांनीं सिंधुदुर्ग जिंकून त्याचें 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव ठेविलें, हें वाक्य होतें. पुतण्या म्हणाला, "काका, आपला पराभव आपणच दगडावर कशाला कोरावयाचा? तेथें शाळांच्या सहली येतात." त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. प्रत्येक गांवास आपल्या दाराशीं लिहिलेलें चांगलेंच असावें असें वाटतें. मी उत्तर जुळवीत होतों, तोंच स्वयंपाकघरांतून वहिनी म्हणाल्या, "मग तो परत कोणीं मिळविला, तेंही पुसणार काय?"

हें मात्र आम्हां दोघांसही सुचलें नव्हतें. करवीरच्या संभाजीमहाराजांच्या मागें राज्याचा भार त्यांच्या विधवा राणी जिजाबाई यांनीं वाहिला, आणि १७६६ च्या आरंभीं इंग्रजांशीं तह करून, रक्कम कबूल करून, हा किल्ला त्यांनींच सोडविला. इंग्रजांनीं ठेवलेलें नांव मालवणांत कोणाच्या जिभेवर टिकलें नाहीं, याचें श्रेय कांहीं अंशीं या बाईकडे जातें. किल्ला गेलाच नाहीं असें लिहिलें, तर तो परत आणणारीस पाटीवर जागा कोठली?

दुसरा मसुदा असा केला:

"राजकोट. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याकडील रक्षणासाठीं बांधलेला कोट. सिंधुदुर्ग १७६५ त इंग्रजांनीं जिंकला, १७६६ त करवीरच्या जिजाबाईंनीं तह करून सोडविला. १८१२ त मालवण इंग्रजांकडे गेलें. मूळ कोटाचे अवशेष थोडे आहेत. नवी तटबंदी २०२३ ची, पुतळा २०२५ चा."

जिजाबाईंचें नांव पुतण्यास पसंत पडलें, १७६५ लाही तो कबूल झाला. आतां त्याचें बोट शेवटच्या ओळीवर आहे. ती वाचून येणाऱ्यांचा विरस होईल, असें त्याचें म्हणणें. ती काढावयाची असल्यास पाटी नवीच लिहावी आणि ती दुसऱ्या कोणाकडून लिहवून घ्यावी, असें मीं त्यास सांगितलें आहे. पाथरवट अक्षरागणिक पैसे घेतो, त्याला उत्तर हवें आहे. कागद सध्यां पुतण्याच्या खिशांत आहे.