पसंतीक्रम

आपल्या सैन्यात सॅल्यूट तीन प्रकारचे आहेत. भूदलाचा जवान सॅल्यूट ठोकतो तेव्हा त्याचा उघडा तळहात समोरच्याला पूर्ण दिसतो. नौदलात तळहात जमिनीकडे वळलेला असतो. हवाई दलाचा हात २००६ पर्यंत भूदलासारखाच होता, मग त्यांनी तो ४५ अंशांत कलता केला. याची कारणंही सांगितली जातात. भूदलाचं कारण, हातात शस्त्र नाही हे दाखवायचं. नौदलाचं, जहाजावर काम करून तेला-ग्रीसनं काळे झालेले हात साहेबाला दिसू नयेत. हवाई दलाचं, विमान आकाशात झेपावतं तो कोन.

आमच्या घरात या तिन्ही कारणांवरून भांडणं झालेली आहेत.

बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मामा हवाई दलात टेक्निशियन होता. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, नौदलात आहे, सध्या जहाजावर. आम्ही सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे यात कुणाला काही विशेष वाटत नाही. शेजारच्या घरात तीन शिक्षक असतात तसे आमच्याकडे तीन फौजी. विशेष मी आहे. इंजिनिअरिंग करून हिंजवडीत कोड लिहितो आणि गणपतीला या तिघांच्या मध्ये बसून मोदक खातो.

त्या बैठका तुम्ही ऐकायला हव्यात. बाबांच्या मते नेव्ही म्हणजे पांढरे कपडे घालून पाण्यावर केलेलं केटरिंग. मामाच्या मते देव अक्कल वाटत होता तेव्हा पायदळ सावधानमध्ये उभं होतं आणि 'आगे बढ' म्हणायला कुणी नव्हतं. दादा म्हणतो, एअरफोर्सवाले युद्धावर जातात आणि रात्री घरच्या गादीवर झोपतात. मग बाबा म्हणतात, जमीन ताब्यात घ्यायला शेवटी बूटच लागतात. यावर मामाकडे हुकमाचा पत्ता तयार असतो : लोंगेवाला.

डिसेंबर १९७१. ४ तारखेच्या रात्री जैसलमेरजवळच्या लोंगेवाला चौकीवर पाकिस्तानचे रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे सव्वाशे जवानांच्या कंपनीनं ती रात्र तग धरला. हंटर विमानांना रात्री उडून मारा करता येत नव्हता. उजाडल्यावर ती जैसलमेरहून आली आणि उघड्या वाळवंटात रणगाडे टिपू लागली. मामा म्हणतो, युद्ध सकाळी जिंकलं. बाबा म्हणतात, रात्री हरलो असतो तर सकाळी तुम्ही काय टिपलं असतं? दादा आठवण करून देतो की त्याच ४ तारखेच्या रात्री नौदलाच्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला होता, म्हणून नौदल दिन ४ डिसेंबरला असतो. त्याचं कुणी ऐकत नाही. लोंगेवालाच्या श्रेयावरून खऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांमध्येही पुढे बरीच वर्षं वाद चालला. आमचं भांडण त्या मानानं लवकर मिटतं, कारण आई जेवायला वाढते.

लहानपणी मला ही नुसती गंमत वाटायची. नोकरीला लागल्यावर त्यातला कामाचा भाग कळायला लागला. आमच्या ऑफिसात दोन टीम एकमेकींची टिंगल करतात तोवर चिंता नसते. दोघींनी आपापली वेगळी सिस्टिम बांधायला घेतली की चिंता सुरू होते. सैन्यातही हे झालेलं आहे. मे १९९९ मध्ये कारगिलला भूदलानं हेलिकॉप्टरांची मदत मागितली. हवाई दलाचं म्हणणं होतं, तेवढ्या उंचीवर ती सोपं लक्ष्य ठरतील आणि सरकारची परवानगीही हवी. हवाई हल्ले सुरू झाले ते २६ मे रोजी. या युद्धानंतर तिन्ही दलांना जवळ आणायच्या चर्चेनं जोर धरला. २००१ मध्ये पोर्ट ब्लेअरला तिन्ही दलांची पहिली एकत्रित कमांड उभी राहिली. १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत यांनी देशाचे पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ म्हणून काम सुरू केलं.

पण एकत्र राहायची सवय याहून जुनी आहे आणि तिचा पत्ता पुण्याजवळचा आहे. खडकवासल्याच्या एनडीएत तिन्ही दलांचे कॅडेट एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच चुकीसाठी एकत्र शिक्षा भोगतात. तीन वर्षांनी भूदलाचे डेहराडूनला, नौदलाचे एळिमलाला, हवाई दलाचे दुंडीगलला जातात. २०१९ च्या शेवटी जनरल मनोज नरवणे भूदलप्रमुख झाले तेव्हा नौदलाचे प्रमुख करमबीर सिंग आणि हवाई दलाचे प्रमुख भदौरिया होते. तिघेही एनडीएच्या ५६व्या कोर्सचे. म्हणजे ज्याच्याकडे मदत मागायची तो शेजारच्या खाटेवरचा मित्र. रणजीतही तिन्ही दलांचा मिळून एकच संघ खेळतो, सर्व्हिसेस नावाचा. हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कॅप्टन कुठला आहे ते बघ आधी."

गेल्या मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे टोमणे बंद झाले.

७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. दादाचा फोन त्याआधीपासून लागत नव्हता. जहाज कुठे आहे हे वहिनीला माहीत नव्हतं, विचारायचंही नसतं. टीव्हीवर अँकर ओरडत होते, कुठलं कुठलं शहर पडल्याच्या बातम्या देत होते. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी टीव्ही बंद केला आणि आईला सांगितलं की या लोकांना काही माहीत नाही. मग ते ओट्यावर जाऊन बसले. रोज सकाळी ग्रुपवर बाबांचा 'सुप्रभात' आणि मामाचा 'जय हिंद' यायचा. तिसरं काही नाही. एरवी दिवसाला चाळीस मेसेज टाकणारी ही माणसं. त्या चार दिवसांत मला कळलं की हे लोक एकमेकांना चिडवतात तेव्हा सगळं ठीक असतं.

१० तारखेला गोळीबार थांबला. त्यानंतरही दादाचा फोन लगेच आला नाही. आला तेव्हा वहिनीनं ग्रुपवर एवढंच लिहिलं : "बोलणं झालं. बरे आहेत." दोन मिनिटांत मामाचा मेसेज : "नेव्हीला आत्ता कळलं वाटतं युद्ध संपलं ते." बाबांनी तीन हसरे चेहरे टाकले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पुढे वाचनात आलं की त्या दिवसांत भूदलाची 'आकाशतीर' ही यंत्रणा हवाई दलाच्या हवाई संरक्षण जाळ्याशी जोडलेली होती. आकाशात काय येतंय याचं एकच चित्र दोघांना दिसत होतं. माझा धंदाच सिस्टिम जोडण्याचा असल्यामुळे मला हे फार मोठं वाटलं. दोन वेगळ्या संस्थांचा डेटा एका पडद्यावर आणणं किती कटकटीचं असतं ते मला ठाऊक आहे, आणि आमच्याकडे चुकलं तर फक्त कुणाची तरी ऑर्डर अडकते.

हे सगळं निवळतंय तोवर माझी बहीण एनडीएचा फॉर्म भरायला बसली.

ती सतरा वर्षांची आहे. एनडीएत मुलींना प्रवेश मिळाला तो सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशामुळे. २०२२ च्या पहिल्या तुकडीत त्यांच्यासाठी १९ जागा होत्या : भूदलाच्या १०, हवाई दलाच्या ६, नौदलाच्या ३. त्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. बहिणीनं तो दीक्षान्त संचलनाचा व्हिडिओ किती वेळा पाहिला याची गणती नाही. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, पसंतीक्रमाचा. भूदल, नौदल, हवाई दल, यांतलं पहिलं कोणतं, दुसरं कोणतं. वर्षानुवर्षं आमच्या घरात ज्यावरून भांडण चाललं होतं त्याचा निकाल आता एका मुलीला लावायचा होता.

मला वाटलं, आता तिघे तुटून पडणार. झालं उलटंच.

पहिल्यांदा बाबा आले. मी गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. म्हणाले, "तिला सांग, एअरफोर्स पहिलं टाक म्हणावं." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "पायदळात मुलींना घेत नाहीत," ते म्हणाले, "मग आर्मीत जाऊन काय करायचं?" कारण बरोबर होतं, पण खरं कारण ते नव्हतं. बाबांच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना बर्फानं कायमची बधिरता आलेली आहे. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत.

त्याच रात्री मामाचा फोन आला. "भाच्या, आर्मी बरी. जमिनीवर पाय असतात माणसाचे." मामानं पंचवीस वर्षं विमानं तयार करून वैमानिकांच्या हवाली केली. विमान परत दिसेपर्यंत चहा घशाखाली उतरत नाही, असं तो एकदा मामीला म्हणाल्याचं मला आठवत होतं. दोन दिवसांनी दादा : "नेव्ही शेवटी टाक हं तिला म्हणावं. महिनेच्या महिने समुद्र बघून डोकं फिरतं."

ज्यांनी आयुष्यभर आपापल्या वर्दीचे गोडवे गायले, ते तिघेही घरच्या पोरीला दुसऱ्याच्या दलात ढकलत होते. प्रत्येकाला फक्त आपल्या दलातला धोका आतून माहीत होता. दुसऱ्याचं दल त्यांना अजूनही पांढरे कपडे आणि घरची गादी एवढंच दिसत होतं. इतक्या वर्षांच्या टिंगलीवर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता.

मी तिला तिघांचेही निरोप दिले. ती म्हणाली, "तिघांचं ऐकलं तर मला एमपीएससी द्यावी लागेल."

मग तिनं बाबांसमोर बसून स्वतःचं सांगितलं. पायदळ आणि रणगाड्यांची दलं मुलींना अजून बंद आहेत हे तिला माहीत होतं आणि त्याचा रागही होता. "तुम्ही गोष्टी सांगितल्या त्या पायदळाच्या. मला आधी सांगायचं ना, की या फक्त ऐकायच्या आहेत." बाबा काही बोलले नाहीत. तिचं पुढचं म्हणणं इंजिनिअर्सबद्दल होतं. जानेवारी २०२३ मध्ये इंजिनिअर्सच्या कॅप्टन शिवा चौहान सियाचीनच्या कुमार पोस्टवर तैनात झाल्या, तिथे तैनात झालेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. हे ती अभिमानानं सांगत होती. कुमार पोस्ट हे नाव ऐकून बाबांनी पाय आत ओढून घेतला, ते मी पाहिलं. तिनंही पाहिलं असावं. ती थांबली नाही.

फॉर्मवर तिनं भूदल पहिलं टाकलं, मग हवाई दल, मग नौदल. फी माझ्या फोनवरून भरायला गेलो तर कळलं, मुलींना फी नसते.

रात्री ग्रुपवर बाबांचा मेसेज आला, मामाला उद्देशून : "एअरफोर्सला दुसरा नंबर. सवय असेलच." मामानं लिहिलं, "पोरगी हुशार आहे, चूक सुधारेल." दादाचा फोन त्या दिवशी रेंजमध्ये नव्हता. त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं : "तिसरा नंबर दिल्याबद्दल आभार. आम्ही वाट बघू."

पुढे लेखी परीक्षा, मग एसएसबीचे पाच दिवस, मग मेडिकल, मग मेरिट लिस्ट. लाखो मुलं बसतात आणि मुलींच्या जागा मोजक्या. बाबांना हे सगळं माहीत आहे. तरी ते पहाटे पाचला तिला उठवतात. ती माळावरच्या रस्त्यानं पळते आणि बाबा मागून चालत येतात, डावा पाय जरा जपून टाकत. हातात माझा जुना फोन, त्यात स्टॉपवॉच लावलेलं. ती परत आली की वेळ सांगतात आणि म्हणतात, नेव्हीत चालेल एवढी, आर्मीसाठी अजून वीस सेकंद कमी कर.