कोल्हापूर, कट आणि कोअर आय-फाइव्ह

शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, शनिवारी सकाळी कोल्हापुरात उतरायचं, हा माझा महिन्या-दोन महिन्यांतला ठरलेला वीकएण्ड. तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, रविवारी दुपारी आईच्या हातचं जेवून मस्त ताणून द्यायची आणि रात्री पुन्हा मुंबईची गाडी. या खेपेला मात्र प्लॅन वेगळा होता. धाकटीसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. बजेट चौदा हजार. डेडलाइन सोमवार सकाळ.

सोमवारी का, तर तिला एका सीएच्या ऑफिसचं घरून अकाउंट्स करायचं काम मिळालं होतं. अट एकच : मशीन स्वतःची आणि तिच्यावर विंडोज ११.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत राहून कॉम्प्युटर घ्यायला कोल्हापूर कशाला? लॅमिंग्टन रोड काय ओस पडलाय? मीही तेच म्हणत होते. पण फोनवर धाकटीने आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाली, ''ताई, इथंच घेऊया. आणि तू सोबत ये. आधी एकदा फसलेय.''

तर झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी बाईसाहेबांनी कुणाला न सांगता क्लासच्या पैशांतून साडेसात हजारांचा सेट उचलला होता. दुकानदार म्हणाला, आय-फाइव्ह आहे, टकाटक चालतंय. पावती? व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेला आकडा. वॉरंटी? सात दिवसांची 'टेस्टिंग'. नवव्या दिवशी मशीन गेली. मॉनिटर तेवढा शाबूत राहिला. हे आबांना माहीत नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

मशीनवरचा नंबर मी तिला व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगितला. आय-फाइव्ह २४००. इथे थोडं थांबते, कारण सगळा फसवाफसवीचा खेळ इथेच आहे. 'आय-फाइव्ह' हे नुसतं आडनाव. पिढी कितवी, ते पुढच्या आकड्यावरून कळतं. २४०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. ४५७० चौथी, ६५०० सहावी, ८५०० आठवी. दुकानात आडनाव मोठ्याने सांगतात आणि आकडा गिळतात. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय बोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीच्या चांगल्या चालत्या मशीन्स काढून टाकल्या आणि त्या स्वस्तात बाजारात आल्या. घरी सिनेमे बघायचे असतील तर लिनक्स टाकून त्या मजेत चालतील. पण धाकटीला टॅली लागणार होतं आणि ते विंडोजवर चालतं. म्हणजे आठवीच्या खाली बघायचंच नाही.

शनिवारी सकाळी निघताना आबा चप्पल घालून दारात तयार. ''मी पण येतो की.'' आमची तोंडं बघण्यासारखी झाली. आबांचा उद्यमनगरात छोटा शेड आहे. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. त्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं. आलं होतं, ते कबूल करते.

स्टेशन रोड, शाहूपुरी करत आम्ही राजारामपुरीत आलो. इथल्या गल्ल्यांचा पत्ता नंबराने. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी... नव्या माणसाला एवढं सोपं गाव दुसरं नसेल. तोवर तीन दुकानं झाली होती. एकात आठवी पिढी, पण भाव अठरा हजार. दुसऱ्यात भाव झकास, पिढी चौथी. तिसऱ्यात मालकाने नंबर दाखवायलाच नकार दिला. ''ताई, चालल्याशी मतलब.'' आम्ही तिथून चालू पडलो.

चौथं दुकान पहिल्या मजल्यावर, जिन्यात खोक्यांचा ढीग. डेल, एचपी, लेनोवो, सगळी ऑफिसात घाम गाळून आलेली मंडळी. मोठ्या कंपन्या तीन-पाच वर्षांच्या लीजवर मशीन्स घेतात, मुदत संपली की लॉटच्या लॉट बाहेर पडतो, तो असा गावोगाव येतो. मालकाने न विचारता स्क्रीनवर नंबर उघडून दाखवला : आय-फाइव्ह ८५००, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. भाव साडेपंधरा.

''जरा उघडून दाखवता काय?'' आबा.

मालकाने कव्हर काढलं. आबा चष्मा कपाळावर सरकवून आत वाकले. आधी वास घेतला. मग स्क्रूची डोकी बघितली. ''जास्त वेळा खोललेलं न्हाई,'' त्यांनी आम्हाला सांगितलं. मग पंख्याला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे. ''बेरिंग चांगलं हाय.'' मालक हसला, पण त्याची नजर बदलली होती. मग आबांनी पॉवर सप्लायवर बोट ठेवलं. ''ह्यो साइजनं येगळा दिसतोय. उद्या गेला तर मिळणार कुठं?''

प्रश्न शंभर नंबरी होता. या स्लिम कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय त्या-त्या कंपनीच्या मापाचा असतो, बाजारातला साधा बसत नाही. मालकाने उत्तरादाखल एक ड्रॉवर ओढला. आत तसलेच पाच. लॅमिंग्टन रोड माझ्या डोक्यातून तिथे कायमचा गेला. तिथला ड्रॉवर कितीही भरलेला असो, शिवाजी पेठेत सोमवारी सकाळी त्याचा काय उपयोग?

माझ्या वाट्याची तपासणी मी केली. एसएसडीचं आयुष्य किती उरलंय ते दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं : ९१ टक्के. सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज अॅक्टिव्हेटेड आहे की जुगाड, ते बघितलं. सगळी यूएसबी पोर्ट्स पेन ड्राइव्ह घालून बघितली. मग आबा म्हणाले, ''आता तासभर चालू ठेवा. आम्ही येतो खाऊन.''

मिसळ खायला उद्यमनगर. फडतरेंकडे रांग होती, असायचीच. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, कट वेगळा, आणि पहिल्या घासाला मुंबईकर नाक पुसायला लागतो. मी पुसत असताना आबा एकदम धाकटीला म्हणाले, ''त्या माळ्यावरच्या डब्याचे किती गेले?''

तिचा घास हातात राहिला. ''साडेसात.''

आबांनी कट वाढून घेतला. ''माझं पहिलं लेथ जुनंच घेतलं होतं. बटाल्याचं. बेडला तडा होता, रंग मारून झाकलेला. आईला तुमच्या अजून सांगितलं न्हाई.''

परत गेलो तेव्हा मशीन चालूच होती, हात लावला तर कोमट. मग घासाघीस. आबा तेरावर, मालक पंधरावर. शेवटी साडेचौदा, कीबोर्ड-माउससकट, आणि माळ्यावरच्या डब्याचे पाचशे वजा. चौदा. पक्की पावती, त्यावर मशीनचा सिरियल नंबर आणि 'एक वर्ष वॉरंटी' असं लिहून घेतलं. पैसे धाकटीने तिच्या फोनवरून दिले. मी पर्स उघडली होती, तिने हाताने बंद केली.

रिक्षात खोकं तिच्या मांडीवर. मिरजकर तिकटीवरून खरी कॉर्नरला आलो, तिथे कॅमेऱ्याचं स्मारक आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आणला. शाळेत असताना आबांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की स्मारक दिसलं की आम्ही दोघी आपसूक गप्प होतो, आता सुरू होणार म्हणून. या वेळी ते काही बोलले नाहीत. पूर्ण रस्ताभर खोक्याला एका हाताने धरून होते, खड्डे चुकवत जा म्हणून रिक्षावाल्याला सांगत होते.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये असताना धाकटीचा फोटो आला. स्क्रीनवर टॅली उघडलेलं, शेजारी चहाचा कप. कॅबिनेटवर आईने हळद-कुंकू लावलं होतं आणि कोपऱ्यात आबांचा हात दिसत होता. पंख्यापाशी.