अंगावर काढलेले दुखणे

मराठीत दुखण्याविषयीचे दोन वाक्प्रचार एकमेकांच्या फार जवळ उभे आहेत. ‘अंगावरून जाते’ असे बाई हलक्या आवाजात सांगते, तेव्हा तिला स्रावाबद्दल बोलायचे असते. आणि हे सांगण्यापूर्वी बहुधा तिने ते दुखणे महिनोन्‌महिने ‘अंगावर काढलेले’ असते. पहिला वाक्प्रचार संकोचातून घडला, दुसरा सोसण्याच्या सवयीतून. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे लोटल्यावर एखाद्या सकाळी पातळावर तांबूस डाग दिसतो. बाई तो स्वतःच धुऊन टाकते. उष्णता झाली असेल, जड हंडा उचलला असेल, अशी कारणे घरात तयारच असतात.

अशा डागामागे दहांतील सुमारे नऊजणींच्या बाबतीत कर्करोग नसतो. परंतु या वयात गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या दहाजणींपैकी सुमारे नऊजणींनी हा डाग पाहिलेला असतो. दिलासा आणि इशारा, दोन्ही एकाच डागात आहेत.

1983 साली लेनिनग्राडच्या यान बोखमान या वैद्याने या कर्करोगाचे दोन स्वभाव मांडले. पहिला स्थूलता, मधुमेह आणि स्त्री-संप्रेरकाचा अतिरेक यांच्या सोबतीने येतो. अस्तर जाडावत जाते, रोग सावकाश वाढतो आणि पुष्कळदा वेळेवर सापडतो. दुसरा उतारवयात, सुकून पातळ झालेल्या अस्तरातही उगवतो. ‘सीरस’ प्रकार हा त्याचा मुख्य प्रतिनिधी. या कर्करोगाच्या रुग्णांत त्याचे प्रमाण साधारण दहांत एक; मृत्यूंत मात्र जवळजवळ दहांत चार. गर्भाशयातील गाठ लहान असतानाच त्याच्या पेशी पोटातील चरबीच्या पडद्यावर पोहोचलेल्या असू शकतात.

त्याची फसवणूक येथेच आहे. सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसले की साऱ्यांचाच जीव भांड्यात पडतो. एरवी तो भरवसा रास्त असतो. परंतु हा रोग पातळ अस्तराआडही दडून राहू शकतो. म्हणून रक्तस्राव पुन्हा झाला, तर यंत्रावरच्या आकड्यावर न थांबता अस्तराचा तुकडा काढून तपासावा लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली या रोगांची रूपे विलक्षण दिसतात. सीरस प्रकारात कधी कधी चुन्याचे वाळूसारखे कण आढळतात. ‘क्लिअर सेल’ प्रकारातील पेशी काचेसारख्या रिकाम्या भासतात, कारण त्यांतील साखरेचा साठा तपासणीच्या प्रक्रियेत विरघळून गेलेला असतो. ‘कार्सिनोसार्कोमा’मध्ये दोन निरनिराळ्या जातींच्या पेशी शेजारी नांदतात, त्या बहुधा एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या असतात, हे पुढे उलगडले. 2013 साली अमेरिकेतील जनुकीय अभ्यासाने अस्तराच्या कर्करोगाचे चार गट पाडले. त्यांतील सर्वांत घातक गटात पी-53 हे, पेशीतील बिघाड ओळखून तिची वाढ रोखणारे, जनुक बहुधा बिघडलेले असते. काही सीरस गाठींवर ‘हर-2’ प्रथिन भरपूर असते. अशा रुग्णांच्या उपचारात स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅबची जोड उपयोगी ठरते, हे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले.

या ज्ञानाच्या पार्श्वभूमीवर एक विपरीत चित्र उभे राहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाल्यावर 2019 साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ऐन तरुण वयात, कर्करोगाची भीती दाखवूनही, ‘पिशवी’ काढली गेल्याच्या कहाण्या तेव्हा पुढे आल्या. एकीकडे नसलेल्या रोगाच्या भयाने निरोगी गर्भाशय जाते. दुसरीकडे असलेला रोग संकोचाने झाकला जातो. दोन्ही ठिकाणी बाईला तिच्याच देहाविषयी पुरेसे सांगितले गेलेले नसते.

पाळी थांबल्यानंतरचा एक थेंबदेखील उच्चारण्याजोगा आहे, एवढे घराघरांतल्या लेकी-सुनांना ठाऊक झाले, तरी पुष्कळ साधेल. हा रोग घाईचा आहे. त्याच्यापुढे सोसण्याचा गुण निरुपयोगी ठरतो. ज्या सोशिकतेची आजवर ओव्या-गाण्यांतून वाखाणणी झाली, ती येथे बाईच्या कामी येत नाही. तिच्या कामी येते ते वेळेवर, मोकळ्या आवाजात बोललेले एक साधे वाक्य, आणि ते ऐकून घेणारे कुणी.