आधी पोल

जूलच्या पाच चंद्रांपैकी आधी कुठे जायचं यावरून आमच्या घरी दर उन्हाळ्यात वाद होतो. भाचा सुटीत पुण्याहून जबलपूरला येतो, कूलरसमोरची खुर्ची बळकावतो आणि थेट लेथकडे निघतो. तिथे समुद्र आहे, हवा आहे, विमानसुद्धा उडवता येतं. मी म्हणतो, आधी पोल. पोल म्हणजे त्याला शिक्षा वाटते.

ही सगळी नावं केर्बल स्पेस प्रोग्रॅममधली. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने २०११ साली तो लोकांपुढे आणला. म्हणायला खेळ, पण यान बांधण्यापासून कक्षा आखण्यापर्यंतचं सगळं आपल्याच डोक्यावर. जूल हा त्यातला हिरवा गुरू. पोल त्याचा सगळ्यात बाहेरचा आणि सगळ्यात लहान चंद्र, त्रिज्या ४४ किलोमीटर. आरपार बोगदा खणला तर आमच्या जबलपूर-कटनी रेल्वेमार्गाएवढा भरेल. ओढ पृथ्वीच्या चार टक्क्यांहूनही कमी आणि मुक्तिवेग सेकंदाला १८१ मीटर. खेळातलं विश्व खऱ्याच्या साधारण एक दशांश मापाचं, पण ओढ पटण्याजोगी राहावी म्हणून वस्तुमान दाबून भरलेलं. त्यामुळे हिशेब मांडला तर पोलची घनता सोन्याच्या दीडपट निघते. असा दगड कुठेही नसतो. मला ही लबाडी मनापासून आवडते.

तर, उतरणं. नवख्याला वाटतं, ओढ कमी म्हणजे काम सोपं. पाच टनांचं यान घ्या, त्याला टेरियर इंजिन लावा. त्याचा जोर ६० किलोन्यूटन, म्हणजे पोलच्या ओढीच्या तीसपटीहून जास्त. थ्रॉटलला नुसतं बोट लागलं की खाली येणारं यान पुन्हा वर निघतं. इंजिन बंद केलं की परत खाली. असा झोका घेत बसायचं नसेल तर थ्रस्ट लिमिटर दहा टक्क्यांवर आणावा लागतो. तरीही ओढीच्या तिप्पट जोर हाताशी उरतो, तो पुष्कळ झाला. मग आडवा वेग आधी मारायचा. पूर्ण मारायचा. पोलवर सपाट जागा शोधून सापडत नाही. सेकंदाला एक मीटरची आडवी सरक शिल्लक राहिली तरी पाय उतारावर टेकतात, स्प्रिंग यानाला उचलून देते आणि यान इतक्या सावकाश कलंडतं की आपल्याला सगळं दिसत राहतं आणि काही करता येत नाही. दहा मीटरवरून सोडलेली वस्तू इथे जमिनीवर यायला सात सेकंद घेते.

शेवटच्या टप्प्यात मी आकड्यांपेक्षा सावलीकडे बघतो. सूर्य तिरपा असेल तर यानाची सावली बाजूने सरकत येते. ती पायांशी मिळते कधी, एवढंच बघायचं. बाबा गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. कानस मारताना माप जवळ आलं की त्यांचा हात आपोआप हलका व्हायचा, कारण घासून गेलेलं लोखंड परत लावता येत नाही. पोलवर मला त्यांचा तो हात लागतो.

आणि घाई करायची सोयही तिथे नाही. एरवी टाइम वॉर्प असतो. घरच्या ग्रहापासून जूलपर्यंतची वर्षं लाखपट वेगाने, चहा निवायच्या आत सरतात. जमिनीजवळ आलं की खेळ ती कळ आवळतो. शेवटचा अर्धा किलोमीटर सेकंदाला तीन मीटरने उतरायचा तर जवळजवळ तीन मिनिटं, तीही भिंतीवरच्या घड्याळाची. भाच्याला नेमकी हीच तीन मिनिटं सोसत नाहीत.

खऱ्या आकाशात हे गणित उलटं झालं होतं. शनीचा फीबी हा असाच दूरचा, लहान चंद्र. विल्यम पिकरिंग यांनी १८९९ मध्ये पेरूतल्या आरेकीपाहून घेतलेल्या फोटोंच्या काचांवर तो शोधला. छायाचित्रावरून सापडलेला हा पहिला चंद्र. शनीपासून सुमारे १ कोटी २९ लाख किलोमीटरवर तो उलट्या दिशेने फिरतो, म्हणून बहुधा बाहेरून येऊन अडकलेला. शनीकडे जाणारं कॅसिनी यान ऑक्टोबर १९९७ मध्ये निघालं. जवळजवळ सात वर्षं उडून ११ जून २००४ रोजी ते फीबीपासून २,०६८ किलोमीटरवरून गेलं आणि तीन आठवड्यांच्या आत शनीच्या कक्षेत शिरलं. एकदा आत शिरल्यावर इतक्या बाहेर परतणं परवडणारं नव्हतं. म्हणून शनीकडे पोहोचण्याची तारीखच फीबी वाटेत गाठता येईल अशी निवडली होती. सात वर्षांचा प्रवास, भेट काही तासांची. त्या फोटोंत काळ्याकुट्ट पृष्ठभागावरच्या विवरांच्या कडांना बर्फाचे पांढरे ओघळ दिसतात. खेळात पोल कितीदाही गाठा, असं काही दिसणार नाही, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य आहे.

पण पोलवर खनिज आहे. ड्रिल लावायचं, इंधन गाळायचं, टाक्या भरायच्या आणि सेकंदाला शे-दीडशे मीटरच्या खर्चात कक्षेत परतायचं. जूलच्याच टायलो या चंद्रावर हवा नाही आणि ओढ पृथ्वीच्या आठ दशांश. तिथे नुसतं उतरायलाच दोन हजारांहून जास्त लागतात. मोकळ्या टाक्या घेऊन तिकडे जाणं मला अडाणीपणाचं वाटतं.

यंदा एकदाचा भाचा पोलवर उतरला. पायलटला बाहेर काढलं, पाठीवरचा जेटपॅक सुरू केला आणि सुटला वर. "मामा, बघ, यान लागलंच नाही! कक्षेत गेला!" पोलवर हे जमतं. मी म्हटलं, "छान. आता यानाजवळ उतरव." त्याने वेग मारायला घेतला, पण जरा उशिराच.

"किती आहे?"

"बारा."

"पाचवर आण."

"सहा... मामा, हा पुन्हा वर चाललाय!"

"बोट काढ ना मग कळीवरून."