करवती शोधताना

"माही साडी गूगलवर दिसतच नाही न बाप्पा!" काकूंचा फोन आला तेव्हा मी मिहानमधल्या ऑफिसात कुणाच्या तरी बिलिंगमधला बग शोधत होते. काकू म्हणजे महालातल्या आमच्या जुन्या घराच्या शेजारीण. सासर कोष्ट्यांचं. भंडारा जिल्ह्यात विणलेल्या करवती साड्या त्या दोन वर्षांपासून ऑनलाइन विकतात. भाच्याने वेबसाइट बनवून दिली आणि तो पुण्याला निघून गेला.

रविवारी गेले. सर्च कन्सोल जोडलं. काही दिवसांनी अहवाल आला, तेव्हा कळलं की ६४ साड्यांपैकी फक्त ११ पानं गूगलच्या यादीत आहेत. कारण बघायला इंजिनिअर लागत नव्हता. शीर्षकं 'सिल्क साडी १', 'सिल्क साडी २' अशी ६४ पर्यंत, आणि खाली सगळीकडे त्याच चार ओळी. पानं एकसारखी वाटली की सर्च इंजिन त्यातलं एक ठेवतं आणि बाकीची बाजूला सारतं. खरी माहिती होती, पण ती फुलांच्या महिरपीत, फोटोवर छापलेली. भाच्याने मेटा कीवर्ड्समध्ये मात्र चाळीसेक शब्द कोंबले होते. क्रमवारी लावताना आपण ते बघतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. आमच्या कॉलेजात ते त्यानंतरही शिकवत होते.

हे सगळं दोन संध्याकाळींत निस्तरलं. अडलं ते नावापाशी.

काकू म्हणतात 'करवती'. देवनागरीत 'करवत' शोधली की सुताराची लोखंडी करवत येते. रोमन अक्षरांत लिहायला गेलं तर प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. जीआय नोंदणीतलंच 'करवथ काटी' असं वाचावं लागतं. कापडाचंही तेच. आमच्याकडे कोसा, मुंबईत टसर, आणखी कुठे तसर. मी नोकरीत शिकलेलं केलं. लोक जास्त काय टाइप करतात ते पाहिलं आणि सगळ्या साड्यांना नाव दिलं, 'टसर सिल्क टेंपल बॉर्डर'.

पानं वर आली. आणि काकूंच्या साडीच्या शेजारी यंत्रावरच्या, छापील काठाच्या, नऊशे रुपयांच्या 'टसर टेंपल बॉर्डर' साड्या येऊन बसल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा सुरू झाली: तुमचीच एवढी महाग का? एकीने तर काकूंना सरळ फसव्या म्हटलं. काकू मला काही बोलल्या नाहीत. चहा नेहमीसारखाच दिला, फक्त सोबतचा चिवडा नव्हता.

मग मी लॅपटॉप बंद केला आणि विचारलं, यात नेमकं वेगळं काय? मला खरंच माहीत नव्हतं. माझे पणजोबा मागावर बसायचे, हे घरात अभिमानाने सांगतात. पण धोटा म्हणजे काय हे मला त्या दिवशी विचारावं लागलं. काकूंनी साडी मांडीवर उलटी पसरली. मधल्या अंगाला एक धोटा, दोन्ही काठांना एकेक, असे तीन. जिथे अंग आणि काठ भेटतात तिथे दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवायचे, प्रत्येक फेरीला. त्यातून करवतीसारखे दात उमटतात. "छापलेली असंल तर मागून पाह्यची," त्या म्हणाल्या. "हिला मागची बाजूच नाही."

त्या बोलत गेल्या, मी टाइप करत गेले. आता प्रत्येक साडीचं वर्णन वेगळं आहे, मागच्या बाजूचा फोटो आहे, आणि शीर्षकात 'करवती' आधी, 'टसर' नंतर. भेटी निम्म्यावर आल्या. कंपनीत असं केलं असतं तर मला मीटिंगला बोलावलं असतं.

मागच्या महिन्यात अहवाल उघडला. गूगलवरून १९ जण आत आले होते, पण त्यांनी काय शोधलं त्या यादीत जेमतेम सहांचा हिशेब लागत होता. फार थोडे लोक वापरतात ते शब्द गूगल दाखवत नाही, खाजगीपणासाठी. हे काकूंना समजावलं.

"म्हंजे तेरा जणांनी आपल्याच शब्दांत शोधलं असंल," त्या म्हणाल्या.

तसं नक्की सांगता येत नाही, मी म्हटलं. त्यांनी विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू पुढे सरकवली आणि पेन दिला. "लिही. माही आई करवतीला आणखी काय काय म्हणायची ते सांगतो."